घुंगरू सुटले, ताल नाही

‘‘पोरगी नाचते छान, पण पुढे काय?’’ हा प्रश्न ज्या घरात विचारला गेला नाही, असं घर सापडणं कठीण. सातवी-आठवीपर्यंत सगळं कौतुकाचं असतं. गॅदरिंगमध्ये पहिल्या रांगेत उभं करतात, नवरात्रात दांडियाचं बक्षीस येतं, मामा-मावशा हौसेनं शूटिंग करतात. मग दहावीचं वर्ष येतं आणि घुंगरू माळ्यावर जातात. कुणाचे लग्नात सुटतात, कुणाचे पहिल्या बाळंतपणात. शेजारच्या काकू तर आधीपासूनच टपलेल्या असतात, ‘‘काऊन वो बाई, पोरीले नाचनारीन बनवता का?’’

त्यातूनही ज्या मोजक्या जणी टिकून राहतात, कार्यक्रम करतात, नाव कमावतात, त्यांना पस्तिशी-चाळिशीत गुडघे आणि टाचा सांगायला लागतात, ‘बाई, आता जरा दमानं.’ गवयाचा आवाज साठीत पिकतो, लेखकाची लेखणी सत्तरीतही चालते. नाचणाऱ्या बाईचं वाद्य मात्र तिचं शरीरच. ते थकायला लागलं की प्रश्न पुन्हा तोच, आता पुढे काय?

मैत्रिणींनो, या प्रश्नाचं उत्तर आपल्या आसपासच असतं, फक्त आपण तिकडे त्या नजरेनं बघत नाही. धरमपेठ असो की महाल, वर्धा असो की गोंदिया, संध्याकाळी एखाद्या शाळेच्या रिकाम्या वर्गातून किंवा मंगल कार्यालयाच्या मागच्या हॉलमधून ‘ता थेई थेई तत्’ ऐकू येतं. चौदा-पंधरा मुली घामाघूम होऊन तत्कार करत असतात आणि समोर सतरंजीवर बसलेली बाई हातानं ताल देत असते. ती कधी काळी नाचत होती. आता ती नाचवते. नाचणारी ते शिकवणारी, आणि शिकवणारी ते नाच बसवणारी, हा तिचा प्रवास. ‘नाच बसवणारी’ला आता कोरिओग्राफर म्हणतात एवढंच. या दुसऱ्या डावाबद्दल आज थोडं बोलू या.

विदर्भकन्येची परीक्षा

हा विषय आपल्या भागाला नवा नाही बरं. रामटेकशी ज्याचं नाव जोडलं गेलं आहे, त्या कालिदासाचं ‘मालविकाग्निमित्रम्’ आठवा. त्यातली मालविका ही विदर्भाची राजकन्या. दैवगतीनं ती अग्निमित्र राजाच्या महालात दासी म्हणून येते आणि गणदास नावाच्या गुरूकडे नृत्य शिकते. महालात हरदत्त नावाचे दुसरेही एक नृत्यगुरू आहेत. दोघांत श्रेष्ठ कोण, यावरून जुंपते. राजाला मालविकेला बघायचंय, म्हणून विदूषकानंच हे भांडण पेटवलेलं असतं!

पण निवाडा कोण करणार? ते काम एका बाईकडे येतं, परिव्राजिका कौशिकीकडे. ती जे सांगते, ते आजच्या प्रत्येक डान्स क्लासच्या दारावर लावावं असं आहे. तिच्या म्हणण्याचा सारांश असा की, कुणाची कला स्वतःच्या अंगात छान उतरलेली असते, तर कुणाचं कसब ती दुसऱ्यात उतरवण्यात असतं. ज्याला दोन्ही साधतं, त्यालाच शिक्षकांत पहिलं स्थान द्यावं. म्हणून गुरूंनी स्वतः नाचून दाखवायचं नाही, शिष्येला नाचू द्यायचं. गुरूची परीक्षा शिष्येच्या पायांवरून!

इतक्या शतकांपूर्वी कालिदासानं बरोबर दुखण्यावर बोट ठेवलंय. उत्तम नाचणं आणि उत्तम शिकवणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. एक आली म्हणजे दुसरी आपोआप येते असं नाही.

मेनकाबाईंची दमयंती

विसाव्या शतकात याच नाटकावर नृत्यनाट्य बसवलं ते मादाम मेनका यांनी. त्यांचं खरं नाव लीला रॉय, त्या मूळच्या बंगालच्या. मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे संचालक साहेबसिंग सोखी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईकर झाल्या. ‘चांगल्या घरच्या’ बाईनं स्टेजवर नाचणं ही तेव्हा केवढी मोठी गोष्ट! रशियाची जगप्रसिद्ध बॅले नर्तकी अॅना पावलोव्हा १९२०च्या दशकात भारतात आली होती. इथल्या नृत्याकडे वळायचं प्रोत्साहन मेनकाबाईंना तिच्याकडून मिळालं. मेनकाबाईंनी लखनौच्या गुरूंकडून कथक घेतलं, पण एकट्यानं नाचण्याऐवजी संच उभा केला. गोष्ट सांगणारी, अनेक नर्तकांची नृत्यनाट्यं त्यांनी कथकात आणली. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या निमित्तानं भरलेल्या नृत्यस्पर्धेत त्यांच्या संचानं बक्षिसं मिळवली. पुढे खंडाळ्याला त्यांनी ‘नृत्यालयम्’ ही शाळा काढली.

याच संचात एक चिमुरडी मराठी मुलगी होती, दमयंती जोशी. जन्म १९२८चा. मेनकाबाईंनी तिला पोटच्या मुलीसारखं वाढवलं आणि तिची आई वत्सलाबाई याही सोबत राहिल्या. दोन आयांची लेक म्हणा ना! कोवळ्या वयात ती परदेशच्या दौऱ्यांवर गेली, संचातली प्रमुख नर्तकी झाली. १९४७ साली मेनकाबाई गेल्या आणि दमयंतीबाईंचं छत्रच हरपलं. तेव्हा त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या.

दुसरी कुणी थांबली असती. दमयंतीबाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. लच्छू महाराज, शंभू महाराज अशा लखनौ घराण्याच्या दिग्गजांची तालीम त्यांनी घेतली आणि एकल नर्तकी म्हणून देशभर नाव केलं. साडी नेसून कथक करण्याचा पायंडा पाडण्याचं श्रेयही त्यांना दिलं जातं. १९६८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७० साली पद्मश्री. आणि पुढे? पुढे शिकवणं. खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात त्यांनी शिकवलं, लखनौच्या कथक केंद्राची धुरा सांभाळली. एवढंच नाही, तर आपल्या गुरूवर, मेनकाबाईंवर, पुस्तकही लिहिलं. ते १९८९ साली संगीत नाटक अकादमीनं काढलं. २००४ साली दमयंतीबाई गेल्या.

मराठी घरातली एक मुलगी ज्या कथकासाठी लखनौच्या गुरूंच्या पायाशी बसली, त्याच लखनौत कथकच्या संस्थेची प्रमुख झाली! दुसरा डाव कधी कधी पहिल्यापेक्षा मोठा असतो, तो असा.

रोहिणीताई : शिकवता शिकवता घडलेल्या

पण शिकवणं हे नेहमी ‘नाच संपल्यावर’च येतं असं कुठे आहे? पुण्याच्या रोहिणी भाटे यांनी तर सुरुवातीपासूनच दोन्ही डाव एकदम मांडले. जन्म १९२४चा. आधी गुरू पार्वतीकुमार यांच्याकडे भरतनाट्यम्, मग जयपूर घराण्याच्या सोहनलाल यांच्याकडे कथकचे धडे. १९४६ साली फर्ग्युसन कॉलेजातून बी.ए. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९४७ साली, पुण्यात ‘नृत्यभारती’ची स्थापना. वय बावीस-तेवीस! त्या काळच्या मध्यमवर्गीय पुण्यात कथक म्हणजे उत्तरेकडची, कोठ्यांशी जोडली गेलेली चीज. आपल्या मुलींना तिथे पाठवायला आयांचं मन कसं वळलं असेल, याची कल्पना करा.

रोहिणीताईंनी त्यासाठी भाषणं दिली नाहीत. त्या स्वतः शिकत राहिल्या आणि शिकलेलं मुलींना देत राहिल्या. क्लास सुरू केल्यानंतरही त्या लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे वर्षानुवर्षं तालीम घेत होत्या. गाणं शिकल्या केशवराव भोळे आणि वसंतराव देशपांडे यांच्याकडे. हो, तेच वसंतराव. मूर्तिजापूरला जन्मलेले, नागपुरात वाढलेले, ज्यांच्या नावाच्या सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहात आपण आज नृत्याचे कार्यक्रम बघायला जातो.

हे गाणं का शिकायचं? कारण नाच बसवणाऱ्या बाईला कान तयार लागतो. तबलजी आणि गायक म्हणतील तसं नाचायचं, की आपल्याला हवं ते त्यांना सांगता यायचं, हा फरक आहे. रोहिणीताई स्वतः रचना करायच्या, बंदिशींना चाली लावायच्या, संस्कृत साहित्य वाचून त्यावर नृत्य बसवायच्या. कालिदासाच्या ‘शाकुंतल’च्या प्रयोगासाठीही त्यांनी नृत्यरचना केल्या. ‘लहजा’, ‘कथक दर्पण दीपिका’ अशी पुस्तकं लिहिली. इझाडोरा डंकन या बंडखोर अमेरिकन नर्तकीचं आत्मचरित्र ‘मी इझाडोरा’ म्हणून मराठीत आणलं. योगायोग बघा, इझाडोरानंही नाव झाल्यावर १९०४ साली बर्लिनजवळ मुलींसाठी नृत्यशाळाच काढली होती.

खैरागढ आणि पुणे या विद्यापीठांतल्या कथकच्या शिक्षणात रोहिणीताईंचा वाटा मोठा. १९७९ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २००६ साली अकादमीची फेलोशिप, म्हणजे सर्वोच्च मान. १० ऑक्टोबर २००८ रोजी त्या गेल्या. पण परिव्राजिकेची कसोटी लावली तर खरं बक्षीस वेगळंच आहे. प्रभा मराठे, शरदिनी गोळे, त्यांच्या सूनबाई शमा भाटे अशा कितीतरी शिष्या पुढे स्वतः गुरू झाल्या. शमाताईंनी ‘नादरूप’ उभं केलं. सासूनं सुनेला स्वयंपाकघराच्या किल्ल्या दिल्याच्या गोष्टी आपण खूप ऐकल्या. इथे सासूनं सुनेला ताल दिला!

सापडलेल्या मराठी पोथीचं गाणं

नाच बसवणं म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायचं तर पार्वतीकुमार यांचं काम बघावं. हे गृहस्थ मालवणचे, जन्म १९२१चा. नर्तक होते, मग गुरू आणि नृत्यरचनाकार झाले. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी नृत्यासाठी चक्क मराठीत पदं रचली होती. त्यांना ‘निरूपणं’ म्हणतात. एकाच विषयावर अठरा प्रकारच्या रचनांची माळ. ती तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात पोथीत पडून होती. शब्द होते, पण त्यावर पावलं कशी पडायची, हात कसे फिरायचे, हे सांगणारं कुणी नव्हतं.

पार्वतीकुमारांनी ती पदं पुन्हा उभी केली. भाषा जुनी, काळ वेगळा. प्रत्येक ओळीला हस्तमुद्रा, प्रत्येक तालाला पदन्यास शोधायचा. ‘तंजावर नृत्य प्रबंध’ या नावानं हे काम ग्रंथरूपातही आलं. आणि रंगमंचावर ती निरूपणं नाचून दाखवली त्यांच्या शिष्या सुचेता भिडे यांनी, म्हणजे आजच्या सुचेता चापेकर. त्यांनी तंजावर परंपरेतले किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडेही शिक्षण घेतलं. पुढे सुचेताताई स्वतः गुरू झाल्या, पुण्यात ‘कलावर्धिनी’ उभी केली. भरतनाट्यम् कर्नाटक संगीतावरच करायचं, हा समज बाजूला ठेवून त्यांनी हिंदुस्थानी रागसंगीतावर आणि मराठी रचनांवर ते बसवलं, त्याला ‘नृत्यगंगा’ नाव दिलं. भाषा न कळल्यामुळे भरतनाट्यम् लांबून बघणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यामुळे ते जवळचं वाटायला लागलं. गुरूनं पोथीतून नाच बाहेर काढला, शिष्येनं तो आपल्या कानापर्यंत आणला. अशी ही साखळी.

तिकडे बॅलेमध्ये काय होतं?

आपल्याकडे निदान अभिनयाच्या जोरावर साठीतही रंगमंच गाजवता येतो. एक ठुमरी बसून, नुसत्या नजरेनं आणि हातानं रंगवता येते. पाश्चात्य बॅलेत ती सोय फार कमी. पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहायचं, हवेत उड्या घ्यायच्या. शरीराची अक्षरशः परीक्षा. पॅरिसच्या ऑपेरा बॅलेत तर निवृत्तीचं वयच बेचाळीस आहे. आपल्याकडे बेचाळिसाव्या वर्षी माणूस नोकरीत जरा स्थिरावतो! तिथे त्यांना पेन्शन मिळतं आणि ही व्यवस्था चौदाव्या लुईच्या काळापासूनची, १६९८ सालची. २०१९ साली सरकारनं पेन्शनच्या नियमांत बदल करायचं ठरवलं, तेव्हा ऐन नाताळच्या आदल्या दिवशी कडाक्याच्या थंडीत या मुलींनी ऑपेराच्या पायऱ्यांवर नाचून निषेध केला.

पण पेन्शन घेऊन घरी बसणाऱ्या फारच थोड्या. रशियाची अॅग्रिपिना वागानोव्हा हिची गोष्ट ऐका. जन्म १८७९चा, वडील नाट्यगृहात द्वारपाल. अंगकाठी बॅलेसाठी म्हणावी तशी नाजूक नव्हती. कष्टानं पुढे आली, पण ‘बॅलेरिना’ हा सर्वोच्च किताब मिळेपर्यंत १९१५ उजाडलं आणि १९१६ला निवृत्तीही आली. मग क्रांतीचे, उपासमारीचे दिवस. या बाईनं शिकवायला सुरुवात केली. जे तिला सहज जमलं नव्हतं, ते का जमत नाही आणि कसं जमवायचं, याचा तिनं बारकाईनं विचार केला होता. त्यातून शिकवण्याची एक पद्धतच तयार झाली. १९३४ साली तिनं ती पुस्तकात मांडली. आज जगभरात ‘वागानोव्हा पद्धत’ म्हणून ती शिकवतात आणि सेंट पीटर्सबर्गची जुनी बॅले शाळा तिच्या नावानं ओळखली जाते.

निनेट द व्हॅल्वा ही आयरिश मुलगी, जन्म १८९८चा. सर्जी डियागिलेव्हच्या नामवंत संचात नाचत होती. लहानपणी पोलिओ होऊन गेल्याचं उशिरा कळलं आणि पूर्णवेळ नाचणं सुटलं. वय अजून तिशीच्या आत. तिनं १९२६ साली लंडनमध्ये शाळा काढली, १९३१ साली छोटा संच उभा केला. त्याच संचाला पुढे १९५६ साली राजमान्यता मिळून तो ‘रॉयल बॅले’ झाला. १०२ वर्षांचं आयुष्य लाभलं, २००१ साली ती गेली. पाय लवकर थांबले म्हणून रडत बसली असती, तर?

आणि हे सगळं सातासमुद्रापार आहे असं समजू नका. येहुदा माओर हे इस्रायली-अमेरिकी बॅले नर्तक निवृत्तीच्या वयात मुंबईत शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली टॅक्सी चालवणाऱ्याचा मुलगा मनीष चौहान आणि वेल्डरचा मुलगा अमीरुद्दीन शाह तयार झाले. अमीरुद्दीन २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये पोचला, त्याच निनेटबाईंच्या शाळेत! या दोघांच्या गोष्टीवर सूनी तारापोरवाला यांनी २०२० साली ‘ये बॅले’ हा चित्रपट केला, त्यात मनीषनं स्वतःचीच भूमिका केली. म्हाताऱ्या गुरूचं नाचणं थांबलं होतं, पण जे त्याच्या अंगात होतं ते दोन गरीब पोरांच्या पायांत उतरलं.

नाचणं वेगळं, नाचवणं वेगळं

आता जरा जमिनीवर येऊ. ज्या मैत्रिणी क्लास काढायचा विचार करत असतील, त्यांनी काही गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात.

नाचताना आपण फक्त आपल्या शरीराचा विचार करतो. शिकवताना समोर पंधरा वेगवेगळी शरीरं असतात. एखादीचा ताल पक्का, पण खांदे ताठ. एखादीचे डोळे बोलके, पण पाय सैल. मुलींसमोर तोंड करून उभं राहिलं की ‘उजवा’ म्हणताना स्वतः डावा हात उचलावा लागतो, तेव्हा आरशात बघितल्यासारखं मुलींना कळतं. ही सवय लागायलाच काही महिने जातात. स्वतःला सहज येणारी तिहाई दहा वर्षांच्या मुलीला तुकडे करून सांगताना लक्षात येतं की, आपण ती कधी मोजलीच नव्हती, नुसती नाचली होती!

शरीराची काळजी हा दुसरा मुद्दा. आपल्याकडचे हॉल म्हणजे सिमेंटवर बसवलेल्या टाइल्स. त्यावर रोज तासभर तत्कार करून टाचा आणि नडग्या दुखतात. लाकडी फळ्यांची जमीन मिळाली तर सोनं. नाही मिळाली, तर आधी अंग मोकळं करणारे व्यायाम आणि मध्ये विश्रांती हवीच. लहान मुलींना घाई करू नये. बॅलेतसुद्धा बोटांच्या टोकावर उभं राहायला साधारण अकरा-बारा वर्षांच्या आधी देत नाहीत, कारण हाडं कोवळी असतात. चांगली बाई ‘अजून नाही’ म्हणायला घाबरत नाही.

नाच बसवणं ही तिसरी पायरी. आठ जणींचा नाच बसवायचा म्हणजे उंच-बुटक्या कुठे उभ्या करायच्या, कुणी कुठल्या विंगेतून यायचं, कोण कुणाला झाकते, सम कुणाच्या वाट्याला, हे सगळं आधी डोक्यात दिसावं लागतं. छोट्या गावांत हे काम भरपूर आहे. शाळांची गॅदरिंगं, गणेशोत्सव, लग्नातली ‘संगीत’. त्याला नाक मुरडू नये. तिथेही नीट बसवलेला नाच आणि नुसता धांगडधिंगा यातला फरक लोकांना कळतो. मात्र त्यात रमून स्वतःचा रियाज सुटू देऊ नका. पाणी बाहेर काढत राहिलं आणि झरा बुजला, तर विहीर किती दिवस पुरणार?

आणि एक कायद्याची गोष्ट. आपल्याकडच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचनेलाही संरक्षण आहे. अट एवढीच, की ती लिहून किंवा अन्य प्रकारे नोंदवून ठेवलेली हवी. म्हणून जे बसवाल ते वहीत तारखेसह, बोल आणि जागांसह लिहून ठेवा. उद्या तुमचीच रचना दुसऱ्याच्या नावानं स्टेजवर आली, तर हातात काही तरी हवं.

फी मागायची लाज

बायकांचं घोडं अडतं ते इथे. शिकवायला आवडतं, पण पैसे मागायला जीभ रेटत नाही. ‘‘अहो, ओळखीच्याच आहेत’’, ‘‘पुढच्या महिन्यात देतील’’. घरचेही म्हणतात, ‘‘वेळ छान जातो हिचा.’’ वेळ जातो? पायांत गोळे येईपर्यंत शिकवणं म्हणजे वेळ घालवणं?

इथेही कालिदासाची गंमत आहे. त्याचा गणदास मोठ्या तोऱ्यात म्हणतो, ज्याची विद्या फक्त पोटापाण्यासाठी, तो विद्येचा वाणी. वाक्य ऐकायला छान आहे. पण गणदासाला राजवाड्यातून पगार होता! आपल्या बाईंना हॉलचं भाडं, तबलजींचं मानधन, विजेचं बिल सगळं त्या फीमधूनच काढायचं असतं. मेनकाबाईंच्या पाठीशी सोखी साहेबांचा संसार होता, प्रत्येकीच्या पाठीशी तसं कुणी नसतं. विधवा, परित्यक्ता, एकट्या राहणाऱ्या कितीतरी बायका क्लासच्या उत्पन्नावर मुलांचं शिक्षण करतात. तेव्हा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फी, वर्षाच्या सुरुवातीला ठरलेली, पावती देऊन. एखाद्या गुणी गरीब मुलीला फुकट शिकवा, पण ते तुम्ही ठरवा. लाजेपोटी फुकट नको.

पालकांनीही एक लक्षात ठेवावं. गणिताच्या शिकवणीची फी मुकाट्यानं भरणारे आपण, नाचाच्या बाईंशी घासाघीस का करतो?

कागदही हवाच

कला अंगात असली तरी पुढे नोकरीसाठी कागद लागतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी होतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा पायऱ्या. कथक आणि भरतनाट्यम् दोन्हीत. शास्त्रीय नृत्याच्या परीक्षा दिलेल्या मुलींना दहावीला सवलतीचे गुण मिळतात, म्हणजे दहावीत घुंगरू माळ्यावर टाकायचं ते कारणही उरलं नाही! मात्र कुठल्या परीक्षेला किती गुण, हे त्या वर्षी शाळेत विचारून घ्या.

पदवी घ्यायची तर पुण्याला विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबईत कनक रेळे यांनी उभं केलेलं नालंदा नृत्यकला महाविद्यालय आहे. आणि आपल्या विदर्भाला सगळ्यांत जवळचं ते खैरागढ. तिथलं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १९५६ सालचं. तिथल्या राजा-राणीनं अकाली गेलेल्या आपल्या लेकीच्या, इंदिरेच्या, आठवणीसाठी राहता राजवाडा कलाशिक्षणाला दिला. नागपूरहून हावड्याच्या गाडीत बसायचं, राजनांदगावला उतरायचं आणि पुढे बसनं जायचं. लेक गेली तर तिच्या नावानं दुसऱ्यांच्या हजारो लेकी शिकाव्यात, असं वाटणाऱ्या त्या आईबापांपुढे हात जोडावेसे वाटतात.

ज्या मैत्रिणींचे घुंगरू पंधरा-वीस वर्षांपासून माळ्यावर आहेत, त्यांना वाटेल की आता आपलं काय! स्टेजवर पूर्वीसारखं नाचणं कदाचित जमणार नाही, खरं आहे. पण विशारद अर्धवट राहिलं असेल तर ते पूर्ण करता येतं. शेजारच्या चार मुलींना तत्कार शिकवता येतो. आधी सहा महिने एखाद्या अनुभवी बाईंच्या क्लासमध्ये मदतीला जा, मग स्वतःचं सुरू करा. गुडघ्यांना काय झेपतं ते आधी डॉक्टरांना विचारा, आणि हाताला ताल येतो का ते स्वतःला विचारा. तो बहुतेक येतोच. वरण फोडणीला टाकतानाही ज्या बाईची बोटं कट्ट्यावर सोळा मात्रा मोजतात, तिचं नाचणं सुटलंय असं कोण म्हणेल?

आणि मुलींच्या आयांनो, ‘पुढे काय?’ हा प्रश्न जरूर विचारा, तो काळजीचाच आहे. फक्त उत्तर ऐकायला थोडं थांबा. वीस वर्षांची नर्तकी, चाळिशीतली गुरू, साठीतली रचनाकार, अशी एकाच मुलीची तीन आयुष्यं त्या घुंगरांच्या पिशवीत बांधलेली असू शकतात. दहावीच्या वर्षी ती पिशवी माळ्यावर टाकायच्या आधी एकदा तिच्याकडे नीट बघा.